पाण्याची हजेरी घेणारी बाई

तिला सगळे हजेरीबाई म्हणायचे. तिला ते आवडत नाही असं ती सांगायची, पण कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर दोन क्षण ती इकडेतिकडे बघायची की कुणाला बोलावतायत, म्हणजे बघा.

कामच तसं होतं तिचं. धक्क्याच्या टोकाला एक खोली. खोलीत पत्र्याचं कपाट, भिंतीवर घड्याळ, एक खुर्ची जिचा एक पाय विटेवर टेकवलेला, आणि खिडकीखाली पाण्यात उभी रोवलेली एक लांबलचक पट्टी, काळ्या-पांढऱ्या खुणांची. एखाद्या राक्षसाने शाळेतली फूटपट्टी पाण्यात खोचून ठेवलीय असं वाटायचं. भरती पूर्ण भरली की खिडकीतून पट्टी बघायची, ओहोटी पूर्ण उतरली की परत बघायची, आणि रजिस्टरमध्ये लिहायचं. तारीख, वेळ, उंची, शेरा. रात्रीच्या पाण्याला पहारेकरी होता, दिवसाचं पाणी हिचं. सव्वीस वर्षं. एकदा अंगात ताप असताना शाल गुंडाळून आली होती, पण रकाना रिकामा ठेवला नाही.

तिचा धाकटा भाऊ, ज्याला घरीदारी सगळे धाकट्याच म्हणायचे, नव्या माणसाला तिची ओळख अशी करून द्यायचा, "ही आमची ताई. पाण्याची हजेरी घेते. अजून तरी पाणी एकदाही गैरहजर सापडलेलं नाही, पण खात्री केलेली बरी."

लोक हसायचे. तीही हसायची. पण तिला खरंच वाटायचं की पाणी रोज तेच येत नाही. आणि ते ती लिहायची. तिच्या आधीच्या माणसाने शेऱ्याच्या रकान्यात अकरा वर्षं फक्त 'काही नाही' एवढंच लिहिलं होतं, आणि ही लिहायची, 'आज पाणी दहा मिनिटं उशिरा थांबलं. असं का?' किंवा 'पट्टीवर शेवाळ एकाच बाजूला वाढतंय. असं का?' वरच्या ऑफिसातून एकदा लाल शाईत उत्तर आलं, 'शेरा रकान्यात प्रश्न लिहू नयेत.' त्याच्याखाली तिने निळ्या शाईत लिहिलं, 'का?' त्यावर मात्र उत्तर आलं नाही.

आता संत्र्याची गोष्ट. जेवण झालं की ती खिडकीत बसून संत्रं खायची आणि साली एक एक करून पाण्यात टाकायची. हा कचरा नव्हता हो, प्रयोग होता. ओहोटी लागली की साल कुठे जाते ते ती बघत बसायची. कित्येक वर्षं साल सरळ समुद्राकडे जायची, नाकासमोर, शहाण्या मुलीसारखी. मग पलीकडे दगडांची नवी भिंत बांधली, लाटा अडवायला. आणि तेव्हापासून साल जरा पुढे जायची, थबकायची, आणि चक्क डावीकडे वळून किनाऱ्याच्या कडेकडेने, बर्फाच्या कारखान्याच्या मागून निघून जायची. रोज. तीन महिने ती रोज लिहीत होती, 'साल डावीकडे गेली. असं का?' वरच्या ऑफिसात कुणाला तरी वाटलं असेल, बाईचं डोकं फिरलं.

त्या दुपारी ती खिडकीतच होती. बारा चाळीस, पाणी अगदी काठोकाठ, पंधरवड्यातलं सगळ्यात मोठं. तिने उंची लिहिली, मान वर केली आणि तिला धाकट्याची होडी दिसली. फरशांची खोकी भरून परत येत होती, नेहमीसारखी झोकात, जरा जास्तच झोकात. आणि किनाऱ्यापासून शंभर पावलांवर ती एकदम थांबली. नुसती थांबली नाही, नाक वर करून थांबली. धाकट्या स्वतः टपावरून पुढे कोलमडला.

ती खुर्चीवरून उठली. होडी वडिलांची होती. वडील गेल्यावर होडी धाकट्याकडे आली. लहानपणी सुकाणू हिला जास्त चांगलं धरता यायचं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी कधी बोललं नव्हतं. ती धाकट्या आणि त्याच्या बायकोबरोबर, त्यांच्याच घरात मागच्या खोलीत राहायची, तिघांचं सगळं त्या होडीवर चालायचं असंही नाही, तिचा पगार होता. पण होडी आली की खिडकीत उभं राहायचं, हे तिने एकदाही चुकवलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत सगळी खोकी छोट्या होडक्यातून उतरवून झाली. रात्रीच्या भरतीला धाकट्याने इंजिन उलटं टाकून तासभर गरगरवलं. होडी तसूभर हलली नाही. उलट ढवळलेली वाळू परत होडीच्याच पोटाखाली जाऊन बसली आणि मागच्या फळ्यांच्या सांध्यातून पाणी झिरपायला लागलं.

सकाळी सात वाजता ओहोटी पुरती उतरलेली होती. होडी कुशीवर कलंडून पडली होती, सभोवती गढूळ पाणी, कुठे काय खोल आहे काही कळत नव्हतं. ओहोटीची उंची लिहून हजेरीबाई होडक्यातून तिथे पोचली तेव्हा धाकट्या, त्याची बायको आणि इंजिनचा मेकॅनिक, ज्याच्या खिशात कायम पाना असतो म्हणून पानाच म्हणायचे, असे तिघे पोटरीभर पाण्यात उभे राहून भांडत होते. हिच्या एका हातात लांब बांबू, दुसऱ्या हातात रजिस्टर.

"आली," धाकट्या म्हणाला. "आता होडीची पण हजेरी लागणार."

"आजचं पाणी कालच्यापेक्षा दोन इंच कमी येणार," ती म्हणाली. "उद्या अजून तीन. मग रोज कमीच. कालच्याएवढं पाणी परत यायला दोन आठवडे."

पाना खाली वाकून सांध्यावर हात फिरवत होता. तो म्हणाला, "दोन आठवडे ही टिकत नाही, बाई. पोट टेकलंय, दोन्ही टोकं हवेत. रोज दोनदा आपटणार. चार दिवसांत कणा मोडेल, मग सरपणाला घेऊन जा."

"म्हणजे आज," ती म्हणाली.

"आजच. एक पंचवीसला."

"तुला वेळ कशी माहीत?"

"सव्वीस वर्षं तुमच्या खोलीमागे गाडी लावतो, तुम्ही सगळ्या गावाला ओरडून सांगता."

धाकट्याचा बेत ठरलेला होता. मासेमारीच्या दोन होड्यांना सांगून ठेवलं होतं, त्या समुद्राच्या बाजूने दोर लावून ओढणार. आपण तोवर पोटाखालची वाळू उपसायची. तो फावडं घेऊन कामाला लागलासुद्धा. हजेरीबाईने मात्र रजिस्टर होडक्यात ठेवलं आणि बांबू टेकवत ती होडीभोवती फिरायला लागली. एक फेरी, दोन फेऱ्या. मध्येच थांबायची, वाकायची, मूठभर वाळू उचलून बोटांत चोळायची.

"काय शोधतेस?" धाकट्याने विचारलं.

"ही वाळू आली कुठून?"

"ताई."

"नाही, म्हणजे तू वीस वर्षं इथूनच येतोस ना? इथे वाळू नव्हती. मग ही आली कुठून?"

"आधी होडी काढू, मग वाळूला तिच्या आईवडिलांचं नाव विचार. घाई आहे गं."

"घाई आहे म्हणूनच विचारतेय."

त्याची बायको खोऱ्याने वाळू ओढत होती. ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "वन्सं, तुम्ही विचारा. ह्यांनी काल विचारलं असतं तर आज माझे हात असे झाले नसते."

हजेरीबाई समुद्राच्या बाजूला चालत गेली. दहा पावलं, वीस, चाळीस, साठ. बांबू प्रत्येक वेळी खट्ट. पाणी पोटरीच्या वर गेलंच नाही. साठ पावलं म्हणजे ओढत नेलं तरी होडी सगळा वेळ वाळूवरूनच घासणार. ती परत आली आणि किनाऱ्याच्या बाजूला वळली.

"तिकडे काय?" धाकट्या म्हणाला. "तिकडे चिखल आहे. लहानपणी गुडघाभर पाण्यात खेळायचो आपण, तू मला दोनदा त्यात पालथं पाडलंयस."

"तीनदा."

पाच पावलं, दहा, बारा. खट्ट, खट्ट, खट्ट. पंधराव्या पावलाला बांबू टेकलाच नाही. ती तोल जाऊन पुढे पडणारच होती. तिने बांबू आणखी खाली घातला, मग आणखी, मनगट बुडालं, कोपर बुडालं. आणि तिच्या डोक्यात ती साल वळली. अगदी तशीच, जरा पुढे जाऊन, थबकून, डावीकडे.

तिने खिशातून संत्रं काढलं. दुपारच्या जेवणानंतरचं होतं, पण असू दे. एक साल सोलून पाण्यावर ठेवली. त्या खोलगटातून ओहोटीचं उरलेलं पाणी अजून वाहत होतं. साल तिच्या पायाशी गोल फिरली आणि बर्फाच्या कारखान्याकडे सुसाट निघाली.

"धाकट्या, इकडे ये."

"काम चाललंय."

"तू म्हणतोस ना गुडघाभर पाणी? ये आणि इथे उभा राहून दाखव. मी गप्प बसते मग दिवसभर."

ही ऑफर आजवर कुणाला मिळाली नव्हती. धाकट्या फावडं टाकून आला, तिच्याकडे एकदा तुच्छतेने बघितलं, पंधरावं पाऊल टाकलं आणि गायब झाला. म्हणजे खरोखर, टोपी वर, माणूस नाही. मग तो फुसफुसत वर आला, तोंडातून पाणी उडवत, आणि टोपी पकडायला दोन हात मारून पोहला.

पाना कमरेवर हात ठेवून म्हणाला, "गुडघा बराच वर आहे की तुझा."

धाकट्याने वाळूवर चढून तोंड पुसलं. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, राग यायला हवा होता पण त्याच्याआधी नवलच येऊन बसलं होतं. "हे कधी झालं?"

"भिंत बांधल्यावर," हजेरीबाई म्हणाली. "पाण्याने वाट बदलली. आता ते किनाऱ्याच्या कडेने जातं, तिथलं कोरून काढलं आणि ते सगळं इथे बाहेर आणून टाकलं. तू बसलायस ती आपल्या लहानपणची जमीन आहे." मग ती जरा थांबून म्हणाली, "तीन महिने लिहितेय मी."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं. जेवताना. तू म्हणालास, ताई भाजी वाढ."

त्याची बायको म्हणाली, "असंच म्हणाले होते. मी तिथेच होते."

मग सगळं उलटं झालं. मासेमारीवाल्यांना निरोप गेला की येऊ नका. दोर समुद्राकडे न जाता किनाऱ्याकडे निघाला, बर्फाच्या कारखान्यातून दुसरा दोर आणून त्याला जोडला, आणि पाना तो होडक्यातून पलीकडे नेऊन आला. तोपर्यंत किनाऱ्यावर बघ्यांची जत्रा जमली होती, चाळीसएक माणसं, आणि प्रत्येकाला होडी कशी काढायची ते माहीत होतं. होडी किनाऱ्याकडे ओढायची म्हटल्यावर ते इतके हसले की वाळूवर त्यांचं हसणं ऐकू येत होतं. एकजण ओरडला, "धाकट्या, घरापर्यंतच नेतोस का?"

किनाऱ्यावरून चारजण फावडी घेऊन आले आणि सगळ्यांनी मिळून पोटाखालून किनाऱ्याच्या दिशेने पंधरा पावलांचा चर खणला. पाणी वर येत होतं आणि खणलेलं निम्मं परत भरत होतं, तरी खणत होते. अकरा वाजता होडी सरळ झाली. साडेबाराला नाक हलल्यासारखं वाटलं. एक वाजता किनाऱ्यावरच्या लोकांनी दोर ओढला, चाळीस माणसं, टाचा रोवून. दोर ताणून तारेसारखा वाजायला लागला आणि होडी, काय सांगावं, बसल्या जागी नुसती कण्हली.

एक दहा. परत ओढलं. काही नाही.

धाकट्याने पाण्यात गुडघे टेकले आणि वडिलांच्या होडीला कपाळ लावून तसाच राहिला. हजेरीबाईने ते बघितलं आणि मान वळवली, कारण तिला रडू आलं असतं आणि आत्ता रडायला वेळ नव्हता. तिने धक्क्याकडे बघितलं. खोली तिथून दिसत होती, खिडकी, खिडकीखालची पट्टी. पंधरा मिनिटांत तिने तिथे असायला हवं होतं. होडक्यातून सहज पोचली असती.

पाना तिच्याजवळ आला. "जा तुम्ही, बाई. हजेरी चुकेल. इथे आता कुणाच्याच हातात काही नाही."

ती जायला वळली, खरंच वळली. आणि तिचा पाय उचलेना. इतका वेळ एका जागी उभी राहून पाय घोट्यापर्यंत वाळूत रुतला होता. तिने ओढला, नाही आला. जोर लावला, तर चप्पल आतच राहिली. मग तिने जोर लावणं सोडलं, टाच इकडे हलवली, तिकडे हलवली, इकडे, तिकडे, पाणी आत शिरलं आणि पाय पचकन वर आला. ती आपल्या पायाकडे बघत राहिली.

"अडकून कशाने राहते?" ती पानाला म्हणाली.

"कोण?"

"वजनाने अडकली असती तर रिकामी केल्यावर निघाली असती. ही वजनाने नाही अडकलेली. ही चिकटलीय. सगळ्यांना वर चढव."

"कुठे वर?"

"होडीत. तू, हे दोघं, फावडीवाले सगळे. किनाऱ्यावरचे जाडजाड बघून पाच-सहाजण होडक्यातून आण."

पानाने काल दुपारपासून प्रत्येक खोकं स्वतःच्या खांद्यावरून उतरवलं होतं. तो म्हणाला, "बाई, काल दिवसभर हलकी केली आणि आता माणसं भरायची?"

"असू दे. भर."

धाकट्या उठला. त्याने एकदा तिच्याकडे बघितलं, का म्हणून विचारेल असं वाटलं, पण नाही विचारलं, नुसता चढला आणि बायकोला हात दिला. पाचजण आले, त्यात बर्फाच्या कारखान्यातले दोन हमाल, एक इतका भक्कम की होडकं पुढून पाण्याबाहेर उचललं गेलं होतं. सगळे मिळून बाराजण झाले.

हजेरीबाई पाण्यात उभी राहिली, कमरेपर्यंत, होडीच्या नाकाशी. तिथून तिला सगळं दिसत होतं. तिने हाताने खूण केली. "सगळे डाव्या कडेला. चालत, पळायचं नाही. आता उजव्या. परत डाव्या. पाय एकत्र पडू देत, वरात नाही ही."

होडी जेमतेम डुलली. इकडे. तिकडे. हमाल म्हणाला, "आम्ही काय करतोय नक्की?" आणि धाकट्याची बायको म्हणाली, "वन्सं सांगतात ते. चला, उजवीकडे." इकडे. तिकडे. एक वीस. फळ्यांच्या कडेने पहिले बुडबुडे आले. हजेरीबाईच्या नजरेसमोर होडीखाली पाणी शिरत होतं, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. आणि पाणी आता वाढत नव्हतं. शेजारी रोवलेल्या बांबूच्या एका पेरापाशी ते थांबलं होतं, ना वर ना खाली, जे ती सव्वीस वर्षं खिडकीतून बघत आली होती ते आज तिच्या कमरेभोवती थांबलं होतं. हे फार वेळ थांबणार नाही हे तिच्याइतकं तिथे कुणालाच माहीत नव्हतं.

तिने पलीकडे हात केला. किनाऱ्यावर दोर ताणला गेला. "डावीकडे," ती म्हणाली, "आणि आता तिथेच थांबा."

बाराजण एका कडेला झाले, होडी कलली, आणि खालून एक आवाज आला. चिखलातून पाय निघतो तसाच, फक्त एखाद्या हत्तीचा. नाक सुटलं, गर्रकन किनाऱ्याकडे वळलं, आणि मग ती घसरत निघाली, चरातून खरवडत, दहा पावलं, पंधरा, आणि पुढचं टोक एकदम खाली बसलं. पाण्यात. खोल पाण्यात. वरचे बाराजण एकमेकांवर पडले. हमालाखाली पाना सापडला.

किनाऱ्यावर दोर ओढणारे सगळे पाठीवर आडवे झाले होते, त्यामुळे आरडाओरडा व्हायला जरा वेळ लागला.

होडी त्या नव्या घळीतून कडेकडेने धक्क्याला आली. संत्र्याच्या सालीच्याच वाटेने, फक्त उलटी. धाकट्याने सुकाणू ताईच्या हातात दिलं होतं. दिलं आणि सांध्यात चिंध्या कोंबायला खाली गेला. तिला समोरचं नीट दिसत नव्हतं, तरी कुठे धडकली नाही.

दोन वाजून गेले होते. ती होडक्यातलं रजिस्टर घेऊन, ओल्या कपड्यांनी, एका पायात चप्पल घालून खोलीत शिरली. पाणी उतरायला लागलं होतं, हजेरी चुकली होती, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. ती खिडकीशी गेली. पट्टीवर, आत्ताच्या पाण्याच्या जरा वर, एक ओली रेघ होती. पाणी जिथपर्यंत आलं होतं तिथे ते खूण ठेवून गेलं होतं. ती बघतच राहिली. इतकी वर्षं आपण वेळेवर धावत येत होतो आणि हे रोज आपल्यासाठी लिहून ठेवत होतं की काय, असं वाटून तिला हसू आलं.

कालच्यापेक्षा दोन इंच कमी. तिने उंची लिहिली. वेळेच्या रकान्याशी पेन थांबलं. एक पंचवीस लिहिता आलं असतं, भरतीच्या वेळापत्रकात तेच होतं. पण तिने घड्याळ बघितलं नव्हतं, आणि न बघितलेलं ती लिहीत नसे. तिने लिहिलं, 'होडी सुटली तेव्हा.'

शेऱ्याच्या रकान्यावर ती येते तोच दार वाजलं. धाकट्या. डोक्यावर टॉवेल, हातात तिची दुसरी चप्पल, कुणीतरी वाळूतून उपसून होडक्यात टाकलेली, ओली, वाळूने भरलेली. त्याने ती दारात ठेवली आणि तसाच उभा राहिला. तिला वाटलं आता काहीतरी चेष्टा करणार. तो खिडकीपाशी येऊन पट्टीकडे बघत राहिला.

"ताई," तो म्हणाला, "उद्या पाणी अजून कमी का होतं गं?"

तिने पेन खाली ठेवलं. विटेवरची खुर्ची त्याच्याकडे सरकवली आणि खिशातलं उरलेलं संत्रं काढून दोघांच्या मध्ये ठेवलं.

"बस," ती म्हणाली. "समजा, हा चंद्र."